साक्ष कोणाची?

कोलंबस हिंदुस्थानच्या शोधार्थ निघाला आणि भलत्याच भूमीस जाऊन लागला, ही गोष्ट आपण सर्वजण शाळेंत शिकलों. त्या चुकीमुळें अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांस 'इंडियन' हें नांव चिकटलें, हेंही आपणांस ठाऊक असतें. परंतु त्याच चुकीचा आधार घेऊन सुमारें साडेतीनशें वर्षांनंतर एका गोर्‍या मनुष्याची फांशी रद्द करण्यांत आली, आणि कॅलिफोर्नियांतील हजारों चिनी लोकांचीं तोंडें अठरा वर्षें न्यायासनापुढें बंद राहिलीं, ही हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानीं आलेली नसते. अमेरिकेंत आशियाई लोकांवर द्वेषमूलक हल्ले होतात, त्यांची नोंद होत नाहीं, झाली तर अपुरी होते, अशी तक्रार आपण अलीकडे वारंवार ऐकतों. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, मुली, सुना, जावई तिकडे असल्यामुळें ती ऐकतांना जीव थोडा खालींवरही होतो. त्या तक्रारीचें मूळ किती खोल गेलें आहे हें पाहावयाचें झाल्यास त्या फांशीच्या खटल्यापासूनच आरंभ केला पाहिजे.

खटला असा होता. सन १८५३ मध्यें कॅलिफोर्नियाच्या नेव्हाडा काउंटी या सोन्याच्या खाणींच्या मुलखांत जॉर्ज हॉल नांवाच्या गोर्‍या इसमानें एका चिनी खाणकामगारास गोळी घालून ठार केलें. ज्यूरीनें त्यास दोषी ठरविलें व फांशीची शिक्षा झाली. ही शिक्षा मुख्यत्वेंकरून चिनी साक्षीदारांच्या जबानीवर आधारलेली होती. हॉलनें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली आणि १८५४ मध्यें मुख्य न्यायाधीश ह्यू मरे यांनीं निकाल दिला. कायद्यांत असें कलम होतें कीं, काळा, मिश्रवर्णी अथवा 'इंडियन' मनुष्य गोर्‍याच्या खटल्यांत साक्ष देण्यास पात्र नाहीं. चिनी मनुष्याचा उल्लेख त्यांत नव्हता. मग चिनी मनुष्य यांपैकीं कोण? न्यायमूर्तींनीं उत्तर दिलें तें असें: कोलंबस किनार्‍यास लागला तेव्हां आपण आशियाच्या बाजूस आलों अशी त्याची समजूत होती, तेथील लोकांस त्यानें 'इंडियन' म्हटलें, तेव्हां त्या शब्दाच्या पोटांत आशियाचे लोकही आलेच. आणि एवढ्यानें ज्यांचें समाधान होणार नाहीं त्यांच्यासाठीं दुसरें उत्तरही तयार होतें. 'काळा' म्हणजे जो जो गोरा नव्हे तो तो.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हेत्वाभासाचें उदाहरण म्हणून शिकविण्याजोगा हा निकाल आहे. परंतु त्याच निकालांत न्यायमूर्तींनीं आणखी एक भीति बोलून दाखविली आहे. आज या लोकांची साक्ष मान्य केली तर उद्यां ते मतें देण्यास येतील, ज्यूरींत बसतील, न्यायासनावर चढतील आणि विधिमंडळांतही दिसूं लागतील, असें त्यांचें म्हणणें. येथें मात्र न्यायमूर्ति मनांतलें खरें बोलले असें आम्हांस वाटतें. एखाद्याचें गार्‍हाणें लिहून घेणें म्हणजे त्यास आपल्या बरोबरीचा मनुष्य मानण्याचा आरंभ करणें होय, हें त्यांस पुरतें उमगलें होतें, आणि म्हणूनच त्यांनीं तें लिहून घेण्याचें नाकारलें. पुढें १८६३ मध्यें विधिमंडळानें कोलंबसास विश्रांति दिली व चिनी लोकांचें नांवच स्पष्टपणें कायद्यांत घातलें. ही बंदी १८७३ च्या आरंभीं नवी संहिता अमलांत आली तेव्हां कोठें उठली.

मधल्या काळांत काय होत असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. खाणीवरच्या चिनी वस्तींत रात्रीं कोणी शिरावें, राहुट्या लुटाव्या, एखाद्याचें डोकें फोडावें; पाहणारे सारे चिनीच असले तर कायद्याच्या दृष्टीनें त्या जागीं कोणीच हजर नव्हतें! १८७१ च्या ऑक्टोबरच्या २४ तारखेस लॉस एंजेलिस येथें घडलेला प्रकार तर या काळाचा कळसच म्हणावा लागेल. दोन चिनी टोळ्यांच्या आपसांतील गोळीबारांत एक गोरा मनुष्य मेला, एवढें निमित्त झालें. सहा हजारांहून कमी वस्तीच्या त्या शहरांत सुमारें पांचशें लोकांचा जमाव चिनी गल्लींत घुसला आणि त्या एका रात्रींत सुमारें अठरा चिनी लोक मारले गेले. बहुतेकांस दोर लावून लटकविण्यांत आलें. मेलेल्यांत एक वैद्य होता. टोळ्यांच्या भांडणाशीं त्याचा कांहीं एक संबंध नव्हता. आठ आरोपींस शिक्षा झाली खरी, पण १८७३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें ती रद्द केली. कारण असें कीं, आरोपींनीं त्या वैद्याच्या खुनास साहाय्य केलें, एवढेंच आरोपपत्रांत लिहिलें होतें. वैद्याचा खून झाला, हें वाक्य लिहावयाचें राहून गेलें होतें. आठही जण सुटले आणि पुनः खटला झाला नाहीं.

यानंतरची कथा वायोमिंग प्रांतांतील रॉक स्प्रिंग्ज या गांवची. येथें आम्ही थोडे अधिक थांबणार आहों, कारण या ठिकाणीं प्रथमच गार्‍हाण्याचा कागद पीडितांनीं आपल्या हातानें तयार केला. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या कोळशाच्या खाणी तेथें होत्या. १८७५ च्या संपानंतर कंपनीनें चिनी मजूर आणून कामास लाविले होते. त्यांना कमी मजुरीवर राबविण्यांत कंपनीचा लाभ होता, आणि गोर्‍या मजुरांचा राग मात्र कंपनीवर न जातां चिन्यांवर गेला. मालकावर हात टाकण्याचें धैर्य नसलें म्हणजे शेजार्‍याच्या झोंपडीवर तो टाकला जातो, हें आपल्याकडील गिरणगांवाच्या इतिहासांतही कांहीं अगदींच अपरिचित नाहीं. १८८५ च्या सप्टेंबरच्या २ तारखेस सकाळीं खाणींत मारामारी झाली आणि दुपारीं बंदुका घेतलेल्या जमावानें चिनी वस्तीस वेढा दिला. घरें पेटविलीं. जे धांवत सुटले त्यांतील कित्येकांस गोळ्या घातल्या. जे आंत दडले ते आंतच जळाले. निदान अठ्ठावीस जण मेले. उरलेले उघड्या माळावर रात्र काढून रुळांच्या कडेनें चालत राहिले, तेव्हां आगगाड्यांनीं त्यांस उचललें. आठवड्याभरांत लष्कराच्या पहार्‍यांत त्यांस परत त्याच गांवीं आणण्यांत आलें आणि पुनः खाणींत उतरावयास सांगण्यांत आलें.

या मजुरांनीं काय केलें? पांचशें एकुणसाठ जणांनीं सह्या करून न्यूयॉर्क येथील चिनी वकिलास एक निवेदन लिहिलें. त्यांत शोक फार थोडा आणि तपशील फार आहे. किती वाजतां कोणत्या बाजूनें किती लोक आले, कोणत्या पुलावर पहारा बसला, कोणत्या घरास आधीं आग लागली, हें क्रमानें सांगितलेलें आहे. बाजूस उभ्या राहून हंसणार्‍या व टाळ्या पिटणार्‍या बायकांचाही त्यांत उल्लेख आहे. चिनी वकिलातीनें आपलीं माणसें चौकशीस पाठविलीं. त्यांच्या अहवालांत प्रत्येक मृताची स्वतंत्र नोंद आहे: प्रेत कोठें सांपडलें, अंगावर कोणत्या जखमा होत्या, वय काय होतें, आणि चीनमध्यें घरीं कोण कोण आहे. कोणाची म्हातारी आई, कोणाची बायको व मुलगा. ज्यांच्या शरीराचीं केवळ हाडें हातीं आलीं त्यांचीही नोंद टाळलेली नाहीं. सरकारी दप्तरांतील कागद वाचतांना मन इतकें व्याकुळ होईल अशी आमची अपेक्षा नव्हती. ज्यांनीं हा अहवाल लिहिला त्यांस साहित्य निर्माण करावयाचें नव्हतें. एखादा मनुष्य मोजदादींतून सुटूं नये, एवढीच त्यांची दक्षता होती.

आणि निकाल? कांहीं जणांस पकडण्यांत आलें. ग्रँड ज्यूरीनें पुष्कळ साक्षी घेतल्या आणि असें ठरविलें कीं, त्या दिवशीं अमुक एका गोर्‍या मनुष्यानें अमुक गुन्हा केला असें शपथेवर सांगणारा कोणी भेटला नाहीं. सबब खटलाच नाहीं. भर दुपारीं, शेंकडों लोकांच्या देखत एक वस्ती जळाली आणि पाहिलें कोणींच नाहीं! सुटलेल्यांचें गांवांत जयघोषानें स्वागत झालें. चिनी सरकारनें मात्र तो कागद हातचा सोडला नाहीं. वॉशिंग्टन येथील चिनी वकिलानें परराष्ट्रमंत्री बेयर्ड यांच्यापुढें तो मांडला. बेयर्ड यांनीं कायदेशीर जबाबदारी नाकारली, तथापि औदार्य म्हणून कांहीं देतां येईल असें सुचविलें, आणि १८८७ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें १,४७,७४८ डॉलर व ७४ सेंट मंजूर केले. जळालेल्या मालमत्तेचा हिशोब सेंटपर्यंत लागला. मारणार्‍यांचा हिशोब लागला नाहीं.

चिनी मजुरांच्या पाठीशीं, दुबळें कां होईना, एक साम्राज्य होतें. आपल्या लोकांच्या पाठीशीं कोण होतें? १९०७ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेस वॉशिंग्टन राज्यांतील बेलिंगहॅम या लांकूडकामाच्या गांवीं चार-पांचशें गोर्‍यांचा जमाव हिंदुस्थानी मजुरांच्या बिर्‍हाडांवर चालून गेला. हे मजूर बहुतेक पंजाबचे शीख. परंतु तिकडे सर्वांस सरसकट 'हिंदू' म्हणत. त्यांस अंथरुणांतून ओढून काढलें, मारहाण केली, चीजवस्त लुटली, आणि सुमारें दोनशें जणांस नगरभवनाच्या तळघरांत नेऊन कोंडलें. थोड्याच दिवसांत एकूण एक हिंदुस्थानी मनुष्य गांव सोडून गेला. शिक्षा कोणासही झाली नाहीं. स्थानिक वृत्तपत्रांनीं दांडगाईबद्दल नापसंती दाखविली, पण हे लोक एकदांचे गेले याबद्दलचें समाधान त्यांस लपवितां आलें नाहीं. इंग्रज सरकारचे प्रजाजन म्हणून हे मजूर दाद मागावयास गेले असते तर ज्यांच्या दारीं जावयाचें त्यांसच हे लोक परमुलखांत राहून काय विचार शिकतात याची अधिक काळजी होती. शंभर वर्षांनीं, २००७ मध्यें, त्याच गांवच्या वृत्तपत्रानें आपल्या जुन्या लिखाणाबद्दल माफी मागितली, आणि २०१८ मध्यें तेथें तांबड्या दगडाची एक कमान उभी राहिली. ज्यांची क्षमा मागावयाची होती त्यांपैकीं ती ऐकण्यास कोणी हयात नव्हतें. त्यांची नांवनिशीवार यादी, रॉक स्प्रिंग्जच्या मृतांसारखी, आपल्याजवळ असती तर त्यांच्या नातवंडांचा तरी पत्ता लागता.

पुढील पाऊणशें वर्षें आम्ही भरभर ओलांडतों. १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या बहुतेक भागास दार लागलें. १९२३ मध्यें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदुस्थानी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरला. १९४२ मध्यें सुमारें एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांस सरकारनेंच छावण्यांत डांबलें. हल्लेखोर स्वतः सरकार असलें म्हणजे फिर्याद कोणाकडे, हा एक निराळाच विषय आहे. १९६५ च्या कायद्यानें दार पुनः उघडलें आणि आपलें सुशिक्षित मध्यमवर्गीय तारुण्य त्यांतून आंत गेलें.

आतां साक्ष देण्यास कोणाचीही मनाई नव्हती. तरीही साक्ष विचारलीच नाहीं तर काय होतें, हें १९८२ सालीं डिट्रॉइट शहराच्या पोटांतील हायलंड पार्क येथें दिसलें. जपानी मोटारींच्या स्पर्धेमुळें तेथील कारखाने बसत होते आणि जपानी या शब्दाचा उच्चारही लोकांस सहन होईनासा झाला होता. व्हिन्सेंट चिन हा सत्तावीस वर्षांचा तरुण नकाशे काढण्याचें काम करी. वंशानें चिनी, जपानशीं त्याचा संबंध नाहीं. लग्न अवघ्या काहीं दिवसांवर आलें असतां १९ जूनच्या रात्रीं मित्रांसह तो एका क्लबांत गेला. तेथें मोटारधंद्यांतील एक मुकादम व त्याचा सावत्र मुलगा यांच्याशीं त्याची बोलाचाली झाली. बाहेर पडल्यावर त्या दोघांनीं त्याचा शोध घेऊन त्यास गांठलें आणि बेसबॉलच्या बॅटीनें त्याचें डोकें फोडलें. २३ जून रोजीं तो वारला. लग्नास यावयाचे ते पाहुणे अंत्यविधीस आले.

१९८३ च्या मार्चमध्यें आरोपींनीं सदोष मनुष्यवध कबूल केला, आणि न्यायाधीशानें त्यांस तीन वर्षांची प्रोबेशन व प्रत्येकीं तीन हजार डॉलर दंड सांगून घरीं पाठविलें. शिक्षा ठरविण्याच्या त्या दिवशीं न्यायालयांत सरकारी वकील हजर नव्हता. मृताची आई लिली चिन हिला तारखेची सूचनाच गेली नव्हती. क्लबांतील एका नर्तकीनें, तुमच्यामुळें आम्ही बेकार झालों, अशा अर्थाचे आरोपीचे उद्गार ऐकले होते. तिचा जबाब पोलिसांनीं घेतला नव्हता. तेव्हां तेथील आशियाई लोकांनीं, चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो सर्वांनीं मिळून, संस्था काढली आणि जें काम सरकारनें करावयाचें तें, म्हणजे साक्षीदार शोधून त्यांच्याशीं बोलण्याचें, त्यांच्या वकील बाईनें आरंभिलें. १९८४ मध्यें संघराज्याच्या न्यायालयांत मुख्य आरोपीस नागरी हक्कांच्या भंगाबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आणि १९८६ मध्यें ती रद्द झाली! रद्द होण्याचें एक कारण असें कीं, त्या बाईनें साक्षीदारांशीं केलेलें बोलणें फितीवर मुद्रित होतें, आणि तें ऐकल्यास साक्षीदारांस पढविलें असें ज्यूरीस वाटण्याचा संभव होता; त्या फिती ज्यूरीस ऐकवावयास हव्या होत्या. १९८७ मध्यें दुसर्‍या ज्यूरीनें आरोपीस निर्दोष सोडलें. सरकारनें साक्ष घेतली नाहीं म्हणून पहिला खटला बिघडला आणि लोकांनीं ती घेतली म्हणून दुसरा. लिली चिन त्याच वर्षीं अमेरिका सोडून चीनमध्यें निघून गेली.

त्याच १९८७ सालीं हें लोण आपल्या माणसांच्या दारापर्यंत आलें. ज्या न्यू जर्सी राज्यांत, रोझेल गांवच्या कार्पेंटर कुटुंबानें १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी यांस पोटच्या मुलीप्रमाणें घरीं ठेवून घेतलें, त्याच राज्यांतील जर्सी सिटींत 'डॉटबस्टर्स' असें नांव घेणार्‍या टोळीचें पत्र वृत्तपत्रांत छापून आलें. 'डॉट' म्हणजे आपल्या स्त्रियांच्या कपाळावरील कुंकू. टेलिफोनच्या यादींत पटेल हें आडनांव पाहून आम्ही घरें शोधतों, अशी बढाईही त्यांत होती. सप्टेंबरच्या अखेरीस शेजारच्या होबोकेन येथें नवरोज मोदी या तीस वर्षांच्या तरुणास पोरांच्या घोळक्यानें इतकें मारलें कीं, तो थोड्याच दिवसांत मरण पावला. बरोबरच्या गोर्‍या मित्रास कोणीं बोट लावलें नाहीं. मोदी पारशी, त्याच्या घरच्या कपाळीं कुंकू असो वा नसो, रंग पुरेसा होता. खटला झाला, मारहाणीबद्दल शिक्षाही झाल्या; वंशद्वेष मात्र सिद्ध झाला असें कोठेंही लिहिलें गेलें नाहीं. हिंदुस्थानी विद्यार्थ्यांवर पूर्वीं झालेल्या हल्ल्यांचा पोलिसांनीं नीट तपास केला असता तर हा प्रसंग टळता, असें म्हणून मोदीच्या वडिलांनीं शहरावर दावा केला. १९९२ मध्यें अपील न्यायालयांतही तो टिकला नाहीं.

त्या दिवसांत हडसन नदीकांठच्या एका गांवीं आमच्या स्नेह्यांचें कुटुंब राहत होतें. नवरात्रांतील हळदीकुंकवास जात असतां वहिनींवर कोणीं धांवत्या मोटारींतून अंडें फेकलें. घरीं येऊन त्यांनीं साडी बदलली, कुंकू पुसलें आणि पुढें दोन-तीन वर्षें घराबाहेर पडतांना तें लाविलें नाहीं. ही गोष्ट आम्हांस कळली ती पंचवीस वर्षांनंतर, बोलण्याच्या ओघांत. "तेव्हां पोलिसांत कां नाहीं कळविलें, वहिनी?" असें आम्ही विचारलें. त्या हंसून म्हणाल्या, "भाऊजी, अंडें फेकलें म्हणून कोणी पोलिसांत जातें का? आणि यांना तेव्हां नुकती कुठें नोकरी पक्की झाली होती." त्यांचे यजमान शेजारीं बसून वर्तमानपत्र वाचीत होते, त्यांनीं पान उलटलें, पण कांहीं बोलले नाहींत.

या उत्तरांत आम्हांस आपल्या वर्गाचा सारा स्वभाव दिसतो. बोभाटा नको, चार लोकांत शोभा नको, आपण परक्या मुलखांत आहों, मान खालीं घालून काम करावें. मरे न्यायमूर्तींनीं कायद्यानें जें बंद केलें तें आपण सभ्यतेनें बंद ठेवतों. त्याचा परिणाम असा कीं, मोदीसारख्याचा मृत्यु ही एकाएकीं कोसळलेली आपत्ति वाटते. त्याआधीं फेकलेल्या शेंकडों अंड्यांचा हिशोब कोठेंच नसतो.

१९९० च्या एप्रिलमध्यें अध्यक्ष बुश यांनीं द्वेषमूलक गुन्ह्यांच्या आकडेवारीचा कायदा सही केला. त्या कायद्यानें शिक्षा वाढविली नाहीं; असे गुन्हे किती घडतात हें मोजण्याचें काम त्यानें सरकारवर टाकलें. एफ.बी.आय. हा आकडा दरवर्षीं प्रसिद्ध करते. परंतु गांवोगांवच्या पोलिसखात्यांनीं तो कळविणें ऐच्छिक आहे. २०१९ मध्यें सुमारें साडेपंधरा हजार खात्यांनीं माहिती पाठविली, आणि त्यांपैकीं जेमतेम बावीसशें खात्यांनीं एक तरी गुन्हा कळविला. बाकीच्यांनीं शून्य लिहिलें. सार्‍या देशाची बेरीज ७,३१४ घटना. त्यांत आशियाई लोकांविरुद्ध १५८. याच्याशेजारीं दुसरा सरकारी आकडा ठेवून पाहावा: न्यायखात्याकडून घरोघरीं विचारून जी पाहणी होते तिच्याप्रमाणें २००५ ते २०१९ या काळांत वर्षाकांठीं सरासरी अडीच लाख द्वेषमूलक गुन्हे घडले. ज्या गोष्टीस सदर नाहीं ती गोष्ट घडत नाहीं, हा कारकुनी नियमही येथें लागू पडतो. शीख व हिंदू यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांस एफ.बी.आय.च्या तक्त्यांत स्वतंत्र जागा मिळाली ती २०१५ पासून. ११ सप्टेंबर २००१ नंतर चवथ्याच दिवशीं अॅरिझोनांतील मेसा येथें बलबीरसिंग सोढी यांचा पगडीमुळें खून झाला. तेव्हांपासून चौदा वर्षें तें सदर कोरेंही नव्हतें, मुळीं नव्हतेंच.

२०२० मध्यें करोनाची सांथ आली आणि तिच्याबरोबर चिनी चेहर्‍याच्या मनुष्यावर थुंकण्याची, खोकून दाखविण्याची, ढकलण्याची सांथही आली. त्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांतील दोन संस्था व सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठांतील एक विभाग यांनीं 'स्टॉप एएपीआय हेट' नांवाचें काम सुरू केलें. अनेक आशियाई भाषांत एक सोपें पत्रक ठेवलें आणि लोकांस म्हटलें, जें झालें असेल तें लिहा. गुन्हा असो वा नसो, लिहा. दोन वर्षांत ११,४६७ हकीकती आल्या. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश नुसत्या शिवीगाळीच्या होत्या. कांहीं टीकाकार म्हणतात, शिवी ही कांहीं गुन्हा नव्हे, आणि स्वतः सांगितलेल्या हकीकतींची शहानिशा कोण करणार? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु रॉक स्प्रिंग्जच्या मजुरांनींही आपली हकीकत स्वतःच सहीनिशीं लिहिली होती हें ध्यानांत असावें. १६ मार्च २०२१ रोजीं अटलांटा शहरीं व आसपास आठ माणसें मारलीं गेलीं, त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. त्यानंतर २० मे रोजीं अध्यक्ष बायडन यांनीं नवा कायदा सही केला. फिर्याद नोंदविणें सुलभ व्हावें, ती अनेक भाषांत देतां यावी, हा त्याचा एक भाग आहे. १८५४ च्या निकालापासून या कायद्यापर्यंत १६७ वर्षें लागलीं. हा कायदा पुढें आणणार्‍या दोघी, सेनेटर मेझी हिरोनो व प्रतिनिधि ग्रेस मेंग, स्वतः आशियाई वंशाच्या आहेत. हे लोक विधिमंडळांत दिसूं लागतील ही मरे यांची भीति अशा रीतीनें पुरी खरी ठरली!

हें सारें वाचून अमेरिकेस नांवें ठेवण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. परंतु त्याच २०२० च्या मार्चमध्यें, ईशान्येकडील आपल्याच बांधवांस 'करोना' म्हणून हिणवूं नये, असें आपल्या केंद्रीय गृहखात्यास सर्व राज्यांस लिहावें लागलें. एप्रिलमध्यें मुंबईंत सांताक्रूझ भागांत मणिपूरच्या एका तरुणीवर मोटारसायकलस्वारानें थुंकून पळ काढला. ती मुंबईच, जेथें शब्दकोशांत 'सहिष्णु' हा शब्द शोधावयास जावें लागत नाहीं अशी आपली समजूत. त्यापूर्वीं २०१४ मध्यें अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया दिल्लींत मारहाणीनंतर मेला, तेव्हां बेझबरुआ समिति नेमली गेली आणि तिनें अशा गुन्ह्यांसाठीं दंडसंहितेंत निराळीं कलमें घालावीं अशी शिफारस केली. त्या समितीपुढें आलेल्या तरुणांचें गार्‍हाणें व्हिन्सेंट चिनच्या आईच्या गार्‍हाण्याहून फारसें निराळें नव्हतें: ठाण्यावर गेलों तर लिहून घेत नाहींत. सांताक्रूझच्या त्या मुलीनें मात्र फिर्याद दिली आणि पोलिसांनीं ती लिहून घेतली.

गेल्या दिवाळींत वहिनी पुण्यास आल्या होत्या. त्यांची नात तिकडच्या महाविद्यालयांत इतिहास शिकते. तिनें एका दुपारीं आजीस समोर बसवून ती अंड्याची हकीकत उतरून घेतली. तारीख वहिनींस आठवेना. मोटारीचा रंगही आठवेना. आंत तीन मुलें होतीं कीं चार, हेंही निश्चित सांगतां येईना. साडी मोरपंखी होती, हें त्यांनीं ताबडतोब सांगितलें, आणि ती पुनः नेसलां कां, असें नातीनें विचारतां, नाहीं म्हणाल्या. नातीनें तें लिहून घेतलें आणि कागद आजीपुढें सहीसाठीं सरकविला.